एकदां लिहिलेलें पुन्हां कां लिहावें लागतें?

नंदुरबार जिल्ह्यांत नवापूर नांवाचें एक रेल्वे स्टेशन आहे. सुरत-जळगांव मार्गानें प्रवास केलेल्या आमच्या वाचकांस तें ठाऊक असेलच. इतरांकरितां थोडें वर्णन करणें अवश्य आहे. १ मे १९६० रोजीं मुंबई राज्याचीं महाराष्ट्र व गुजरात अशीं दोन राज्यें झालीं, आणि त्यांची सीमारेषा या स्टेशनाच्या पोटांतून गेली. परिणाम असा झाला कीं, एकाच फलाटाचा कांहीं भाग महाराष्ट्रांत व कांहीं भाग गुजरातेंत आहे. तिकिटाची खिडकी एका राज्यांत, तर स्टेशनमास्तरांची कचेरी दुसऱ्या राज्यांत. आणि एक बांक तर असें आहे कीं, त्याचा अर्धा भाग इकडे व अर्धा तिकडे. सूचना मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांत दिल्या जातात. गुजरातेंत दारूबंदीचा कायदा आहे, या बाजूस तो नाहीं. म्हणजे चार पावलें चाललें कीं कायदाहि बदलतो. गाडी मात्र एकच, रूळ तेच, आणि उतारूहि तेच.

संगणकाच्या विद्येंत 'प्लॅटफॉर्म' हाच शब्द रूढ आहे, आणि त्याचा अर्थ नवापूरच्या फलाटावरून चांगला ध्यानांत येतो. प्रोग्रॅम ज्यावर उभा राहून काम करितो ती जागा, म्हणजे यंत्राचा प्रोसेसर आणि त्यावरील ऑपरेटिंग सिस्टिम, हा त्याचा प्लॅटफॉर्म होय. ती जागा बदलली कीं तेथील कायदाहि बदलतो. आमच्या वाचकांच्या बहुतेक घरांतून आज एखादा मुलगा, सून किंवा नात या धंद्यांत असते. दिवाळीस घरीं आलेला पुतण्या सांगतो, "काका, आमचा प्रोग्रॅम विंडोजवरून लिनक्सवर नेण्याचें काम चाललें आहे, चार महिने झाले." त्यावर वडील मंडळी चकित होऊन विचारतात, "अरे, एकदां लिहून झालें ना? मग तेंच पुन्हां कां लिहावें लागतें?" प्रश्न रास्त आहे, आणि पुतण्यास त्याचें उत्तर येत असलें तरी तें घरच्या भाषेंत सांगणें त्यास बहुधा जमत नाहीं. या महिन्यांत तें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. आम्ही संगणकशास्त्राचे पदवीधर नाहीं. आमचें आयुष्य शाळेंत संस्कृत व्याकरण शिकविण्यांत गेलें. परंतु या विषयाचा थोडाबहुत अभ्यास केल्यावर असें दिसून आलें कीं, व्याकरणाच्या विद्यार्थ्यास तो मुळींच परका वाटूं नये.

प्रथम 'नेटिव्ह कोड' म्हणजे काय तें पाहूं. प्रोग्रॅम चालविण्याच्या स्थूलमानानें दोन रीती आहेत. पहिली दुभाष्याची. पायथन किंवा जावा या भाषांत लिहिलेला प्रोग्रॅम यंत्रावरील एका दुभाष्याच्या हातीं दिला जातो, व तो दुभाष्या यंत्रास काय करावयाचें तें सांगतो. यंत्र बदललें तर दुभाष्या बदलावा. मूळ मजकुरास हात लावण्याचें कारण सहसा पडत नाहीं. दुसरी रीत अशी कीं, सी, सी प्लस प्लस किंवा रस्ट या भाषांत लिहिलेला मजकूर कंपायलर नांवाच्या साधनाकडून त्या त्या प्रोसेसरच्या स्वतःच्या भाषेंत आधींच उतरवून घ्यावयाचा. हाच नेटिव्ह कोड. मध्यें दुभाष्या नसल्यामुळें त्यास वेग मोठा असतो, आणि यंत्राच्या अंतरंगाशीं थेट व्यवहार करितां येतो. म्हणून ब्राउझर, छपाईचे प्रोग्रॅम, बोटांचे ठसे घेणाऱ्या उपकरणांचे ड्रायव्हर, इतकेंच काय, पायथनचा प्रचारांतील दुभाष्यासुद्धां, याच रीतीनें तयार होतात. या वेगाची किंमत द्यावी लागते. इंटेलच्या प्रोसेसरकरितां केलेला उतारा आपल्या खिशांतील फोनच्या आर्म जातीच्या प्रोसेसरास कळत नाहीं. आणि प्रोसेसर तोच असला तरी विंडोजकरितां बांधलेली फाईल लिनक्स आपण होऊन चालवीत नाहीं.

दुसरी गोष्ट अवलंबनाची. कोणताहि मोठा प्रोग्रॅम स्वयंपूर्ण नसतो. चित्र उघडणें, मजकूर गुप्त करणें, अक्षरें पडद्यावर काढणें, हीं कामें इतरांनीं आधींच लिहून ठेविलेलीं असतात. अशा तयार कामांच्या संग्रहास लायब्ररी म्हणतात, आणि आपला प्रोग्रॅम तिच्यावर विसंबून असला म्हणजे ती त्याची 'डिपेंडन्सी' झाली. या लायब्ऱ्या विंडोजवर डीएलएल, लिनक्सवर एसओ व मॅकवर डायलिब अशा नांवांनीं नांदतात. केवळ नांवाचाच भेद असता तर तो सोसवला असता. परंतु एके ठिकाणीं असलेली लायब्ररी दुसरीकडे नसते. असली तर तिची आवृत्ति निराळी असते. आणि कित्येकदां शब्द तोच असून मापच निराळें असतें. सी भाषेंत पूर्णांक सांठविण्याचें 'लाँग' नांवाचें एक माप आहे. तें ६४ बिटांच्या लिनक्सवर ६४ बिटांचें, तर ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचेंच असतें. पूर्वीं गांवोगांवचा शेर निराळा असे आणि व्यापाऱ्यास त्याचा हिशेब ठेवावा लागे, त्यांतलाच हा प्रकार. ज्यानें तो ठेविला नाहीं त्याचा मोठा आंकडा विंडोजवर गेल्यावर मापांत मावत नाहीं, आणि उत्तर चुकतें.

आतां हा भेद सांभाळावयाचा कसा? याचीं दोन खरीं उदाहरणें आम्ही देतों. योगायोग असा कीं, दोहोंचा आरंभ एकाच दिवसाच्या अंतरानें झाला.

पहिलें उदाहरण आपल्या अक्षरांचें. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द लिहून पाहावे. पहिला म्हणजे समुद्र; दुसऱ्या सातपुड्याच्या. दोहोंतहि र आणि य यांचाच संयोग आहे. परंतु एकांत रफार डोक्यावर चढतो, आणि दुसऱ्यांत अर्धा र आडवा होऊन य च्या आधीं बसतो. तसेंच 'कि' या अक्षरांत इकार उच्चारांत क नंतर येतो, पण लिहितांना क च्या आधीं. संगणकाच्या स्मृतींत वर्ण उच्चाराच्या क्रमानें सांठविलेले असतात. ते पडद्यावर आणि कागदावर योग्य रूपानें मांडणें हें एक स्वतंत्र आणि नाजूक काम आहे. त्याकरितां लायब्ररी लागते. विंडोजची त्यासाठीं 'युनिस्क्राइब' होती, मॅकची 'कोअर टेक्स्ट'.

लिब्रेऑफिस हा लेखनाचा व हिशेबाचा मोफत प्रोग्रॅम २८ सप्टेंबर २०१० रोजीं ओपनऑफिसपासून विभक्त होऊन जाहीर झाला; तो मराठींतहि मिळतो. त्याचा बराच मोठा भाग सी प्लस प्लस भाषेंत आहे, म्हणजे तो नेटिव्ह कोड होय. पूर्वीं अक्षरें मांडण्याकरितां त्यानें जेथील तेथें विसंबून राहण्याचें धोरण ठेविलें होतें: विंडोजवर युनिस्क्राइब, मॅकवर कोअर टेक्स्ट, आणि लिनक्सवर प्रथम 'आयसीयू' व २०१३ सालच्या ४.१ आवृत्तीपासून 'हार्फबझ' नांवाची लायब्ररी. हें धोरण वरवर सोयीचें दिसतें. जें आयतें मिळतें तें घ्यावें, यांत वाईट काय? वाईट हें कीं, एकाच लेखाची मांडणी तीन यंत्रांवर तीन प्रकारची होऊं शकते. ओळ एकीकडे एका शब्दावर मोडते, दुसरीकडे दुसऱ्यावर. एका यंत्रावर दहा पानांत बसलेला लेख दुसऱ्यावर अकराव्या पानावर जातो. आणि दोष दुरुस्त करावयाचा म्हटलें तर तो तीन ठिकाणीं निरनिराळ्या रीतीनें करावा लागतो. अखेर फेब्रुवारी २०१७ मध्यें निघालेल्या ५.३ आवृत्तींत सर्व प्लॅटफॉर्मवर एकच हार्फबझ लायब्ररी वापरण्यास आरंभ झाला. या कामांत खालिद होस्नी या तज्ज्ञाचा मोठा वांटा होता. हार्फबझ हें नांव मूळ फारशी असून त्याचा अर्थ 'मोकळें अक्षर' असा होतो. म्हणजे फारशी नांवाची लायब्ररी आज मराठी जोडाक्षरें जुळवीत आहे.

हा उपाय आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नकोच. एकत्र कुटुंबांत एकास अळणी लागतें, एकास तिखट चालत नाहीं, एकाचा उपास असतो. म्हणून शहाणी गृहिणी प्रत्येकाकरितां आरंभापासून निराळी चूल मांडीत नाहीं. ती भाजी एकाच पातेल्यांत शिजविते, आणि तिखटमीठ घालण्यापूर्वीं लागेल तेवढा वांटा बाजूस काढून ठेविते. जें सामाईक ठेवितां येतें तें शक्य तितकें पुढेंपर्यंत सामाईक ठेवावें, आणि भेद अगदीं शेवटीं करावा. लिब्रेऑफिसनें अक्षरांचें पातेलें एक केलें. परंतु त्यालाहि खर्च आहे. जी लायब्ररी आपण बरोबर घेतली ती प्रत्येक प्लॅटफॉर्मवर आपणच बांधावयाची, आणि तिच्यांत दोष सांपडला कीं नवी आवृत्ति आपणच बसवावयाची. म्हणून लिब्रेऑफिस बांधतांना असा पर्यायहि ठेविलेला आहे कीं, ज्या लिनक्सवर त्या लायब्ऱ्या आधींच नीट सांभाळलेल्या आहेत तेथें त्याच घ्याव्या, आणि नसतील तेथें बरोबर आणलेल्या बांधाव्या. शिदोरी न्यावी कीं मुक्कामीं जेवावें, हें मुक्काम पाहून ठरवावयाचें.

दुसरें उदाहरण आमच्या जिल्ह्याचें. २९ सप्टेंबर २०१० रोजीं शहादा तालुक्यांतील टेंभली या लहानशा गांवीं तेव्हांचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितींत आधार योजनेचा आरंभ झाला, आणि देशांतील पहिले आधार क्रमांक त्या गांवच्या लोकांस मिळाले. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांच्या प्रतिमा आणि चेहऱ्याचें छायाचित्र, एवढें त्याकरितां घ्यावें लागे. वर्तमानपत्रांतून समारंभाचें वर्णन आलें. परंतु ठसा घेणारें उपकरण आणि संगणक यांच्यामध्यें जो लहानसा प्रोग्रॅम बसलेला असतो त्याच्याविषयीं कोणी लिहिल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. तोच आजच्या विषयाचा गाभा आहे.

ठसा घेणारीं उपकरणें अनेक कंपन्या बनवितात. प्रत्येकीचा ड्रायव्हर निराळा. तोहि विंडोजकरितां एक, अँड्रॉइडकरितां दुसरा. येथें लिब्रेऑफिसचा उपाय चालत नाहीं. अक्षरें मांडण्याचें ज्ञान सर्वत्र एकच आहे, म्हणून त्याची एक लायब्ररी बरोबर नेतां येते. पण उपकरणाच्या पोटांतील रचना ज्याची त्याची असते, आणि ती जाणणारा फक्त त्याचा निर्माता. एक पातेलें करणें अशक्य असेल तेथें काय करावें? तेथें करार करावा. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणानें हीच वाट धरिली. २०१७ मध्यें 'नोंदणीकृत उपकरणां'ची जी पद्धति अमलांत आली तिच्याप्रमाणें प्रत्येक निर्मात्यानें आपल्या उपकरणाबरोबर 'आरडी सेवा' नांवाचा प्रोग्रॅम द्यावयाचा. विंडोजवर ही सेवा त्याच संगणकाच्या अंतर्गत पत्त्यावर, ११,१०० ते ११,१२० या क्रमांकांच्या खिडक्यांपैकीं एखादीवर बसून राहते. बँकेचा किंवा रेशनचा प्रोग्रॅम या खिडक्या क्रमानें ठोठावितो, कोणतें उपकरण हजर आहे तें विचारितो, आणि ठसा मागतो. अँड्रॉइडवर खिडकी नसते. तेथें 'इंटेंट' नांवाच्या निरोपानें तीच मागणी केली जाते. दोन्हीकडे मागणीचा नमुना ठरलेला, उत्तराचा नमुनाहि ठरलेला. आणि ठसा मागणाऱ्याच्या हातीं पडण्यापूर्वींच तो सांकेतिक लिपींत बंद केलेला असतो. उपकरणाचा निर्माता कोण आणि त्याच्या आंतील तारा कशा, हें मागणाऱ्यास ठाऊक असण्याचें कारण उरलें नाहीं.

नवापूरच्या स्टेशनावरहि कारभार चालतो तो याचमुळें. दोन राज्यांचे कायदे कोणीं एक केलेले नाहींत. परंतु कोणतें काम कोणत्या बाजूस हें ठरलेलें आहे, आणि उतारूनें एका खिडकीशीं जावें एवढेंच त्याच्याकडे मागितलें जातें. भेद नाहींसा करितां येत नसेल तर तो एका रेषेच्या पलीकडे ठेवावा, आणि ती रेषा कागदावर लिहून काढावी. मात्र कराराचीहि मर्यादा आहे. निर्मात्यानें एखाद्या प्लॅटफॉर्मकरितां सेवाच बनविली नाहीं, तर तेथें खिडकी ठोठावून कोणी ओ देणार नाहीं. करार भेदास वेस घालून देतो. वेशीपलीकडचें काम कोणाला तरी करावेंच लागतें.

तिसरा उपाय लेखनाचा आहे, आणि येथें आम्हांस आमच्या धंद्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. पाणिनीच्या व्याकरणांत उत्सर्ग व अपवाद अशी व्यवस्था आहे. उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम. इकारापुढें विजातीय स्वर आला कीं इ चा य् होतो. 'इति' आणि 'आदि' मिळून 'इत्यादि'. अपवाद म्हणजे विशेष नियम. पुढील स्वर सजातीय असेल तर दोहोंचा मिळून दीर्घ होतो. 'कवि' आणि 'ईश्वर' मिळून 'कवीश्वर'. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, अपवाद आला म्हणून पाणिनीनें मूळ नियमाची मोडतोड केली नाहीं. तो स्वतंत्र सूत्रांत त्याच्या अटीसह सांगितला. आणि अट घालतांना एकेका वर्णाचें नांव घेत बसण्याऐवजीं 'अच्', 'इक्' अशा प्रत्याहारांनीं वर्णांचे गट सांगितले. विशिष्ट वर्ण कोणता हें न विचारितां तो कोणत्या गटांत मोडतो हें विचारिलें.

सी भाषेच्या लेखकांस हा मोह नेहमीं होतो कीं, प्रोग्रॅमच्या मध्यावरच 'विंडोज असेल तर असें, नाहीं तर तसें' अशी अट टाकावी. तिच्याकरितां 'इफडेफ' नांवाची सोय आहे. एकदोन ठिकाणीं ती शोभते. परंतु दहा वर्षांत तिचें रान माजतें, आणि सामान्य नियम कोणता व अपवाद कोणता हें लिहिणाऱ्यासहि सांगतां येत नाहीं. हेन्री स्पेन्सर व जेफ कॉलियर या दोन लेखकांनीं १९९२ सालींच एक निबंध लिहून या संवयीचे तोटे दाखविले होते. त्यांचा सल्ला आजहि लागू आहे: भेदाचा मजकूर प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या निराळ्या फाईलींत ठेवावा, त्यास एक ठरलेलें दार द्यावें, आणि मुख्य प्रोग्रॅमनें फक्त दाराशीं बोलावें. प्रत्याहारासारखी युक्तिहि या विद्येंत आहे. डेव्हिड मॅकेंझी यानें १९९१ मध्यें सुरू केलेल्या 'ऑटोकॉन्फ' या साधनानें असा पाठ घालून दिला कीं, यंत्रास त्याचें नांव विचारूं नये, त्याचे गुण विचारावे. अमुक काम तुझ्यांत आहे काय, अमुक माप किती बिटांचें आहे, हें प्रत्यक्ष तपासून पाहावें. नांवें बदलतात आणि नवीं निघतात. उद्यां जन्मणाऱ्या यंत्राचें नांव आज कोणासहि ठाऊक नाहीं, पण गुण तपासणारा प्रोग्रॅम त्यावरहि बहुधा बांधला जातो.

लायब्ऱ्यांची यादीहि अशीच अटींसह लिहितां येते. मायक्रोसॉफ्टनें २०१६ मध्यें काढलेल्या 'व्हीसीपीकेजी' या साधनाच्या यादींत प्रत्येक लायब्ररीपुढें ती कोणत्या प्लॅटफॉर्मवर हवी तें नोंदवितां येतें. 'विंडोज सोडून इतरत्र' असेंहि लिहितां येतें. रस्ट भाषेच्या 'कार्गो'मध्येंहि तशीच सोय आहे. पुष्कळ कचेऱ्यांतून मात्र ही यादी एखाद्या जुन्या माणसाच्या डोक्यांतच असते. तो माणूस नोकरी सोडून गेला कीं नव्या यंत्रावर प्रोग्रॅम बांधला जात नाहीं, आणि कां तें कोणास उमगत नाहीं. यादीबरोबर प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्तीहि लिहावी. आणि ज्या ज्या प्लॅटफॉर्मचें नांव आपण घेतों त्या प्रत्येकावर, मजकुरांत फरक झाला कीं दर वेळीं, प्रोग्रॅम बांधून पाहावा. वर्षांतून एकदां उघडलेल्या फडताळांत काय सांपडतें तें आम्ही सांगावयास नको.

एवढा खटाटोप कोणाकरितां, असें कोणी विचारील. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचें यंत्र नवें असतें, आणि आपल्या यंत्रावर चाललें म्हणजे सर्वत्र चाललें असें समजण्याकडे मनुष्याचा स्वाभाविक कल असतो. लिनक्सवर नव्या आवृत्तीवर बांधलेला प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीवर पुष्कळदां सुरूच होत नाहीं, कारण तिच्या मूळ सी लायब्ररींत नवीं कामें नसतात; उलट, जुन्यावर बांधलेला नव्यावर बहुधा चालतो. म्हणून २०१६ मध्यें पायथनच्या मंडळींनीं नेटिव्ह कोडच्या वांटपाकरितां 'मेनीलिनक्स' नांवाचा जो पहिला नियम केला, त्यांत २००७ सालच्या सेंटओएस ५ या जुन्या आवृत्तीचें माप धरिलें. पंगतींत सर्वांत हळू जेवणाऱ्याकडे पाहून ताक वाढावें, तसाच हा नियम. याच्या उलट कधीं कधीं एखादा प्लॅटफॉर्म सोडूनहि द्यावा लागतो. क्रोम या ब्राउझरची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ति १०९ वी. २०२३ च्या फेब्रुवारींत निघालेली ११० वी तेथें चालत नाहीं. परंतु ही गोष्ट कांहीं महिने आधीं जाहीर करण्यांत आली होती, म्हणून ज्याच्याकडे जुनें यंत्र होतें त्यास विचार करण्यास अवसर मिळाला. जाणूनबुजून व सांगून सोडणें निराळें, आणि कोणाच्या ध्यानांतच न आल्यामुळें सुटून जाणें निराळें.

सातपुड्यांत अक्राणी-अक्कलकुव्याकडील एखादी वृद्ध बाई रेशनच्या दुकानांत यंत्रावर अंगठा ठेविते, तेव्हां तिच्या व धान्याच्या मध्यें उपकरण, ड्रायव्हर, सेवा व दुकानाचा प्रोग्रॅम एवढी सारी सांखळी असते. अंगठा न जुळण्याचीं कारणें अनेक आहेत. कष्टानें झिजलेल्या रेषा, तुटलेलें नेटवर्क, हींहि त्यांत आलीं. परंतु या सांखळींतील एखादी कडी आवृत्तीच्या भेदानें निखळली, तर तिला त्याचा सुगावा लागत नाहीं. यंत्र 'नाहीं' म्हणतें आणि तिला मागें फिरावें लागतें. पुण्यास किंवा बंगळुरास बसलेल्या आपल्या मुलानें अपवादाची एक ओळ वेळीं लिहिली कीं नाहीं, याचा निकाल अशा ठिकाणीं लागतो. शहरांत तिला दोषाची नोंद म्हणतात; येथें ती एका खेपेची पायपीट असते.

एक सावधगिरीची सूचना देऊन हा विषय आटोपता घेतों. प्लॅटफॉर्म स्थिर नसतो. ॲपल कंपनीनें २०२० मध्यें आपल्या संगणकांतील इंटेलचे प्रोसेसर सोडून आर्म जातीचे स्वतःचे प्रोसेसर घालण्यास आरंभ केला. आणि गूगलनें १ ऑगस्ट २०१९ पासून अँड्रॉइडच्या आपल्या दुकानांत नेटिव्ह कोड असलेल्या प्रोग्रॅमांस ६४ बिटांची बांधणीहि देणें सक्तीचें केलें. अशा वेळीं ज्यांच्याजवळ आपल्या सर्व लायब्ऱ्यांचा मूळ मजकूर होता त्यांस मुख्यतः पुन्हां बांधणी करावी लागते. ज्यांनीं एखादी लायब्ररी केवळ तयार फाईलीच्या रूपानें घेतलेली असते, त्यांस तिच्या मालकाच्या तोंडाकडे पाहत बसावें लागतें, आणि मालकानें धंदा बंद केलेला असेल तर तेंहि नाहीं. म्हणून नवी लायब्ररी घेतांना तिचा मूळ मजकूर मिळतो काय, आणि तिला कोण सांभाळतें, हें सोयरीक करण्यापूर्वीं घराणें पाहावें तितक्याच काळजीनें पाहावें.

आतां वडील मंडळींच्या प्रश्नाचें उत्तर सरळ देतां येईल. पुतण्या जें लिहीत आहे तें पुष्कळसें पूर्वीं लिहिलेलें नसतेंच. एका फलाटावर गृहीत धरलेल्या गोष्टी दुसऱ्यावर शोधून, त्यांपैकीं सामाईक कोणत्या व भेदाच्या कोणत्या हें तो वेगळें करीत आहे. तें काम पहिल्या वेळींच केलें असतें तर चार महिन्यांचे कदाचित् चार आठवडे झाले असते. पुढील सणास तो घरीं आला म्हणजे त्यास तीन गोष्टी अवश्य विचाराव्या. बाळ, तुमच्या प्रोग्रॅमानें बरोबर काय नेलें आहे आणि मुक्कामीं काय मिळेल असें धरलें आहे? तुमचे अपवाद एके ठिकाणीं लिहिलेले आहेत कीं सर्वत्र विखुरलेले? आणि तुमचा प्रोग्रॅम चालेल असें सर्वांत जुनें यंत्र कोणतें, व त्यावर तुम्हीं तो शेवटचा केव्हां चालवून पाहिला? पहिल्या दोहोंचें उत्तर तो बहुधा हंसत देईल. तिसऱ्यास तो थांबला, तर त्यास आग्रह करूं नये; कचेरींत परत गेल्यावर तें तपासून पाहण्यास मात्र सांगावें.